बोट सुटली की सोडली? कथेच्या शेवटात दैव आणि निवड कशी गुंफावी

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली होती. बाप वारतो. त्याची मासेमारीची एक बोट, तीच काय ती मालमत्ता. थोरला मुलगा ती चालवतो. धाकटी बहीण बापाशी भांडून कधीच घर सोडून गेलेली. एके दिवशी बोटीतल्या फळीखालच्या पत्र्याच्या डब्यात थोरल्याला बापाच्या हातची चिठ्ठी सापडते: बोट मुलीला द्यावी. तो चिठ्ठी पुन्हा डब्यात ठेवतो आणि कुणाला काही सांगत नाही. तीन आठवडे जातात. मन खायला लागतं तसा तो बोट घेऊन बहिणीकडे निघतो, वाटेत वादळ गाठतं आणि तो बुडून मरतो. शेवटचं वाक्य होतं, 'नियतीच्या मनात काही वेगळंच होतं.'

चारचौघांत कथा वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांतल्या एका वयस्क बाईंनी एवढंच विचारलं, "पोचला असता तर त्यानं सांगितलं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. थोरला दारात उभा राहिल्यावर काय बोलेल, हे ठरवणं मला जड गेलं होतं आणि मी वादळ बोलावून सुटका करून घेतली होती. त्या वादळाला मी नियती म्हणत होतो.

पुढच्या पायऱ्या त्या कथेवर पुन्हापुन्हा काम करताना सापडत गेल्या. तुमच्या हाताशी एक पूर्ण झालेला कच्चा खर्डा हवा, शेवटासकट. शेवट वाईट असला तरी चालेल, उलट वाईट असेल तर काम लवकर कळेल.

पहिली पायरी: शेवट एका वाक्यात लिहा आणि क्रियापद पाहा

कथेत अखेर काय होतं ते एकाच साध्या वाक्यात लिहा. सुंदर लिहायचं नाही, एखाद्याला घाईत सांगावं तसं लिहायचं. मग त्यातलं क्रियापद तपासा.

या कामात मराठी आपल्याला मोठी मदत करते. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्याच आहेत: सुटणे आणि सोडणे, तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, बुडणे आणि बुडवणे, पडणे आणि पाडणे. पहिल्या रूपात कर्ता कुणी नसतो, गोष्ट आपोआप घडते. दुसऱ्यात कुणाचा तरी हात असतो, आणि त्या हाताला 'ने' लागतो. 'दोर तुटला' हे दैवाचं वाक्य. 'त्याने दोर तोडला' हे माणसाचं. माझ्या शेवटाचं वाक्य होतं, 'थोरला वादळात बुडाला.' क्रियापदाने तिथेच निकाल दिला होता.

पण खरी संपत्ती या दोन टोकांच्या मध्ये आहे. 'त्याच्या हातून दोर सुटला.' 'त्याच्याकडून बांधायचं राहून गेलं.' 'त्याला सांगवलं नाही.' 'त्याला सांगता आलं असतं.' या वाक्यांत माणूस आहे, पण पुरता कर्ता नाही. तो दोषी आहे की नाही हे वाक्य मुद्दाम अर्धवट सोडतं. आपण रोजच्या बोलण्यात अपराध झाकायला हीच रूपं वापरतो. 'कप फुटला' म्हणणारं मूल आणि 'माझ्याकडून कप फुटला' म्हणणारं मूल, दोघांत वयाचं नव्हे, धैर्याचं अंतर असतं. कथेतलं पात्र शेवटाच्या सुमारास एका रूपाकडून दुसऱ्याकडे सरकलं, म्हणजे 'राहून गेलं' म्हणणारा माणूस 'मी केलं नाही' म्हणाला, तर एवढ्यानेही कथा पूर्ण होऊ शकते. मी तर म्हणेन, दैव आणि निवड यांची जी झटापट मोठमोठ्या शब्दांत मांडली जाते, ती बरेचदा या एका प्रत्ययात मावते.

तेव्हा आता करायचं काम असं. खर्ड्याचं शेवटचं पान घ्या. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि वर लिहा: आपोआप, हातून, किंवा ने. पान 'आपोआप'ने भरलेलं असेल तर तुमचं पात्र शेवटाला हजरच नाही. सगळीकडे 'ने' असेल, तर उलट रोग आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

दुसरी पायरी: योगायोग उचलून मागे न्या

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त एक तक्रार केली आहे. कथानकाची गाठ कथानकातूनच सुटावी, रंगमंचावर यंत्राने खाली उतरवलेल्या देवाने ती सोडवू नये. त्याचं उदाहरण होतं युरिपिडीझच्या ग्रीक नाटकातली मीडिया ही नायिका, जी अखेरीस सूर्याच्या रथातून निसटते. तेव्हापासून ही सूचना सगळ्यांना पाठ आहे. तरीही आपण चुकतो, कारण आपला यांत्रिक देव देवासारखा दिसत नाही. तो अपघातासारखा, हृदयविकाराच्या झटक्यासारखा, अचानक आलेल्या पत्रासारखा दिसतो. पात्राला वाचवणारा योगायोग आपण लगेच ओळखतो. पात्राला मारणारा योगायोग मात्र आपल्याला गंभीर, खोल, शोकात्म वाटतो. दोन्हींचं काम एकच असतं: पात्राला ठरवण्यापासून वाचवणं.

म्हणून माझा नियम: योगायोगाने माणूस अडचणीत यावा, अडचणीतून जाऊ नये, आणि मरणं हाही जाण्याचाच एक प्रकार. योगायोग कथेच्या शेवटच्या पंचमांशात असेल तर तो उचलून दोन तृतीयांशाच्या अलीकडे ठेवून बघा. मग त्याच्यानंतर जागा रिकामी होते, आणि त्या रिकाम्या जागेत पात्राला काहीतरी करावंच लागतं.

मी वादळ मागे नेलं. आता थोरला निघायच्या आधीच, रात्रीतून, वादळ येतं. तो घरी आहे. बोट खुंटीवरून सुटते आणि बुडते. डबा, चिठ्ठी, सगळं पाण्यात. सकाळी तो किनाऱ्यावर उभा आहे, जिवंत, आणि कथेची तीन पानं अजून बाकी आहेत.

हे केल्यावर मला जे दिसलं ते अपेक्षेबाहेरचं होतं. मला वाटलं होतं, चिठ्ठी बुडाली की पेच संपला. झालं उलटं. चिठ्ठी होती तोवर पकडलं जाण्याची भीती होती, म्हणजे खरं बोलण्यामागे धाकही होता. आता पुरावा नाही, साक्षीदार नाही, वाटून द्यायला बोटही नाही. दैवाने लपवण्याची पक्की सोय करून दिली आणि त्यामुळेच बोलणं पूर्णपणे त्याच्या मर्जीवर आलं.

ॲरिस्टॉटलनेच सांगितलेली आणखी एक घटना इथे आठवावी. आर्गोस नगरात मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मिटिसचा खुनी तो पुतळा बघत असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला आणि तो मेला. असे योगायोग आंधळे वाटत नाहीत, त्यांत हेतू असल्याचा भास होतो, म्हणून ते जास्त चकित करतात, असं तो म्हणतो. खरंच आहे. पण कथालेखकाने नीट पाहावं: या प्रसंगात खुनी काय करतो? उभा राहून बघतो. पुतळ्याची कथा प्रभावी होईल, खुन्याची होणार नाही. न्यायासारखा दिसणारा योगायोग वापरायचाच असेल तर तो अशा पात्रावर कोसळू द्या जे त्याच्याकडे पाहून काही ठरवणार आहे, आणि ठरवण्याइतकं जिवंत राहणार आहे.

तिसरी पायरी: दैव ज्या फटीतून आत आलं ती फट शोधा

नुसतं वादळ म्हणजे हवामान. ते कुणाचंही असतं. ते या माणसाचं दैव कधी होतं? त्याच्या वागण्यातल्या एखाद्या फटीतून ते आत शिरतं तेव्हा.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, वेगवेगळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. दैव शेवटी आहे, आधीचे चार मोजून झाल्यावर. मी हा क्रम लेखनासाठी चक्क तक्त्यासारखा वापरतो. शेवटाकडे नेणाऱ्या मुख्य घटनेसाठी पाचही रकाने भरायचे. कुठे घडलं? कोण होतं? कोणत्या साधनानं? कुणी काय काय केलं किंवा करायचं टाळलं? आणि मग उरलेलं, ज्याचा हिशेब लागत नाही, ते दैव. पहिले चार रकाने रिकामे आणि पाचवा भरलेला असेल, तर दैवावर फार बोजा टाकला आहे.

माझ्या कथेत चौथा रकाना कोराच होता. थोरल्याने काय टाळलं? विचार करताना उत्तर आलं: चिठ्ठी सापडल्यापासून तो बोटीवर पाय ठेवायचं टाळत होता. आज जाळं दुरुस्त करायचं, उद्या अंग दुखतंय. आणि वादळाचा अंदाज आला तेव्हा बाकीच्यांनी बोटी वर ओढून घेतल्या, याने घेतली नाही, कारण ओढायची तर आत चढावं लागतं, आत चढलं की फळी दिसते. आता वादळ तेच आहे, पण बोट बुडण्यात त्याच्या अपराधाचा वाटा आहे. किती वाटा? ते त्यालाही सांगता येणार नाही, आणि वाचकाला तिथेच बेचैन करायचं असतं.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी याच बेचैनीवर लिहिलं आणि 'नैतिक नशीब' ही कल्पना चर्चेत आली. समजा, गाडी चालवणारे दोन चालक सारखेच निष्काळजी, दोघांनीही ब्रेक तपासलेले नाहीत. एकाच्या गाडीपुढे मूल आलं, दुसऱ्याच्या नाही. चूक तीच, पण एकाला आयुष्यभर झोप येणार नाही. आपण दोघांना सारखंच दोषी धरतो का? धरत नाही, आणि का धरत नाही हेही धड सांगता येत नाही. कथेने या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. तिने त्या पहिल्या चालकाशेजारी बसावं.

फट नेहमी लहान ठेवा. फार मोठा दोष असेल तर वाचक म्हणतो, बरं झालं. अजिबात नसेल तर म्हणतो, बिचारा. दोन्ही वेळा तो पुस्तक मिटून झोपतो. 'मीही ओढून घेतली नसती' असं त्याला वाटलं पाहिजे.

आता तो उलट रोग. काही कथांत हवामानच नसतं. जो खोटं बोलतो त्याचं वाटोळं होतं, जो प्रामाणिक राहतो त्याला अखेर फळ मिळतं. सगळं 'ने'ने चालतं. अशा कथेत निवडीला किंमत उरत नाही, कारण चांगलं वागणं हा फायद्याचा सौदा ठरतो. याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटलं आहे की एका चाकाने रथ चालत नाही, तसं पुरुषप्रयत्नाविना दैव सिद्धीस जात नाही. लिहिणाऱ्याने ते उलटूनही वाचावं. दैवाचं चाक काढलं तर रथ तसाच एका जागी बसून राहतो.

चौथी पायरी: निवड खरी आहे का ते पारखा

खरं बोलावं की खोटं, हा प्रश्न कागदावर कधीच अवघड नसतो. अवघड असतं ते त्याचं मोल. म्हणून पात्रापुढचे दोन्ही रस्ते घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: या वाटेनं गेला तर त्याचं काय कायमचं जाईल? एका बाजूला काहीच लिहिता आलं नाही तर निवड खोटी आहे.

थोरल्यासाठी मी लिहिलं. गप्प राहिला तर: बापाने बहिणीला माफ केलं होतं ही गोष्ट तिला कधीच कळणार नाही, आणि ती अडवणारा तो एकटा असेल. बोलला तर: ती त्याचं तोंड पाहणार नाही, आणि बाप गेल्यावर आता तीच एक उरली आहे. शिवाय बोलून तिच्या हाती काय येणार? बुडालेली बोट. 'आता सांगून काय उपयोग' हा युक्तिवाद खोटा नाही, त्यात तथ्य आहे. मोहाचा युक्तिवाद मूर्खासारखा लिहू नका. तुम्हाला स्वतःला क्षणभर पटेल इतका तो भक्कम करा. मी हे लिहीत असताना एक दिवस खरोखर थोरल्याच्या बाजूने झालो होतो. कथा सुधारतेय हे मला त्या दिवशी कळलं.

'त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता' असं वाक्य खर्ड्यात असेल तर थांबा. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात वादळात सापडलेल्या जहाजाचं उदाहरण देतो. जीव वाचवायला माल समुद्रात फेकतात. एरवी आपला माल कुणी आपखुशीने फेकत नाही. मग हे कृत्य स्वेच्छेचं की सक्तीचं? तो म्हणतो मिश्र, पण स्वेच्छेकडे झुकणारं, कारण त्या घटकेला हात हलवायचं मूळ माणसाच्या आत होतं. कथालेखकाला यातून एक सोपी युक्ती मिळते: सक्ती कितीही असो, हात हलल्याचा क्षण दाखवा. पहिलं पोतं कुणी उचललं? कोणतं उचललं? त्याच्या शेजारचं का नाही? परिस्थितीने कोपऱ्यात गाठलेला माणूसही क्रम ठरवतो, आणि क्रमात तो उघडा पडतो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पात्राला दोन्ही रस्ते दिसत असले पाहिजेत. दुसरा रस्ता फक्त वाचकाला दिसत असेल तर ती निवड होत नाही, गैरसमज होतो. आणि ठरवायला वेळ हवा, भले अर्धा मिनिट का होईना. पात्र दचकून काही बोलून गेलं तर ते पुन्हा 'तोंडून निघून गेलं'च्या खात्यात जातं.

पाचवी पायरी: निकाल आणि निवड एकमेकांपासून सोडवा

मला ही सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बहुतेक खर्डे इथे अडतात, कारण लिहिणाऱ्याच्या मनात निवड म्हणजे परिणाम बदलण्याची ताकद असं पक्कं बसलेलं असतं. परिणाम बदलणार नसेल तर निवडून काय फायदा, असं वाटतं, आणि मग कथा एक तर नियतीला शरण जाते किंवा तिच्यावर मात करते.

महाभारताच्या उद्योगपर्वात युद्धाआधी कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो. तू कुंतीचा थोरला मुलगा, पांडवांच्या बाजूला ये, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. आणि हे नाही म्हणताना त्याला कौरव हरणार हे दिसत असतं. अपशकुनांची यादी तो स्वतःच कृष्णाला सांगतो. त्याच्या नकाराने युद्धाचा निकाल बदलणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी त्या संवादाचं वजन कमी होत नाही, वाढतं, कारण फायद्याचा मुद्दा निघून गेल्यावर उरतं ते फक्त 'मी कोण आणि मी कुणाचा.' 'वेणीसंहार' नाटकातला कर्ण हेच दुसऱ्या अंगाने म्हणतो: कुळात जन्म दैवाच्या हाती, पौरुष माझ्या हाती.

ग्रीक राजा ईडिपसची कथा नियतीची म्हणून ओळखली जाते. पण सोफोक्लीझच्या नाटकात क्रम कसा आहे पाहा. बापाची हत्या आणि आईशी विवाह, भविष्यवाणीत सांगितलेल्या या दोन्ही गोष्टी पडदा उघडण्याआधीच घडून गेल्या आहेत. रंगमंचावर घडतो तो शोध. शोध थांबव असं त्याला एकामागून एक माणसं विनवतात. तो थांबत नाही. अखेर डोळे फोडल्यावर तो म्हणतो ते असं, की हे दुःख अपोलो देवाने आणलं, पण घाव घालणारा हात माझाच. 'फुटले' आणि 'फोडले' यांतला फरक अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यात आहे.

तुमच्या कथेत हे कसं आणायचं? शेवटची घटना घ्या आणि विचारा: पात्राने दुसरं काही ठरवलं असतं तर बाहेरच्या जगात काय बदललं असतं? उत्तर 'बरंच काही' असेल तर बाहेरचं थोडं थोडं कमी करत जा. बोट बुडवा. चिठ्ठी बुडवा. पैसा काढून घ्या. साक्षीदार घरी पाठवा. काढत काढत अशा जागी या, की निवडीने बाहेर जवळजवळ काहीच बदलत नाही आणि तरीही ती केल्यावाचून पात्राला पुढचा दिवस काढता येत नाही. लघुकथेचा शेवट त्या जागी असतो. कादंबरीला इतकं सोलून चालत नाही, तिला परिणामांसाठी पानं असतात.

कलाटणीच्या शेवटालाही हीच कसोटी लावा. मोपासाँच्या १८८४ सालच्या हाराच्या कथेत उसना हार हरवतो, हे दैव. पण हरवल्याचं मैत्रिणीला न सांगता कर्ज काढून नवा हार परत करणं ही निवड, आणि पुढची दहा वर्षं त्या निवडीतून येतात. मूळ हार नकली होता हे शेवटी कळतं तेव्हा आपल्याला धक्का बसतो, पण तो धक्का टिकतो कशामुळे? ते वाक्य मागे जाऊन त्या न सांगण्यावर उजेड टाकतं म्हणून. हार हरवण्यावर नव्हे. तुमची कलाटणी मागच्या कोणत्या निवडीवर उजेड टाकते हे दाखवता आलं नाही, तर ती काढा.

सहावी पायरी: कुठे थांबायचं

आधी पुढे लिहा. शेवटानंतरचं एक अख्खं पान लिहून काढा, ज्यात पात्र ठरवतं, बोलतं, आणि समोरच्याचं काय होतं तेही येतं. ते छापायचं नाही, पण लिहायचं. मगच कात्री घ्यायची.

खुल्या शेवटाबद्दल इथे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण त्याच्या नावाखाली खूप पळवाट काढली जाते. फ्रँक स्टॉकटनची १८८२ सालची एक प्रसिद्ध कथा आहे. आरोपीने दोन दारांपैकी एक उघडायचं. एकामागे वाघ, दुसऱ्यामागे एक तरुणी, जिच्याशी त्याचं लग्न लागेल. त्याच्यावर प्रेम करणारी राजकन्या, जिला कोणत्या दारामागे काय आहे हे ठाऊक आहे, हळूच उजवीकडे खूण करते. तो ते दार उघडतो आणि कथा संपते. याला आपण खुला शेवट म्हणतो, पण राजकन्येची निवड झालेली आहे. रात्र रात्र जागून तिने ठरवलं आहे, हात हलला आहे. आपल्यापासून लपवला आहे तो फक्त परिणाम. जो शेवट परिणाम झाकतो तो खुला. जो निवडच होऊ देत नाही तो अर्धवट. तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नसेल तर तुमचा शेवट दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि वाचकाला ते कळतं. त्या वयस्क बाईंना कळलं होतं.

कात्री चालवताना मी मागून पुढे येतो. शेवटचं वाक्य झाकायचं आणि उरलेलं मोठ्यानं वाचायचं. निवड अजून दिसते का? मग ते वाक्य गेलं. पुन्हा त्याच्या आधीचं झाकायचं. जिथे निवड दिसेनाशी होते, त्याच्या एक वाक्य पुढे थांबायचं.

निवेदकाची काही वाक्यं तर न वाचताच काढता येतील. 'नियतीपुढे कुणाचं काय चालतं.' 'पण विधिलिखित कुणाला चुकलंय.' 'अखेर सत्याचाच विजय झाला.' पात्राने ती म्हणायला हरकत नाही. पात्र जेव्हा दैवाचं नाव घेतं तेव्हा ते आपली सुटका शोधत असतं, किंवा दुसऱ्याला माफ करत असतं, आणि दोन्ही नाट्यमय आहे. निवेदक म्हणतो तेव्हा लेखक सुटका शोधत असतो.

सातवी, लहानशी: पहिलं पान पुन्हा उघडा

शेवट बदलला की सुरुवात बदलतेच. दैवाचं साधन पहिल्या तृतीयांशात साध्या वस्तूसारखं दिसून गेलेलं असावं. माझ्या कथेत खुंटीला बांधलेला दोर पहिल्या पानावर आणला, बहीण लहानपणी तो गुंडाळायची एवढंच सांगून. शकुन, स्वप्नं, भविष्य सांगणारा म्हातारा यांची गरज पडली नाही. वाचकाला आधी काही कळायला नको. नंतर मागे वळून पाहताना ओळखीचं वाटलं की पुरे.

तीन आठवडे लपवणं हेही मी पहिल्या खर्ड्यात एका ओळीत उरकलं होतं. आता त्याला दोन पानं दिली, कारण शेवटी तो जे बोलणार ते याच पानांबद्दल आहे.

कथेचा शेवट सध्या असा आहे:

बहीण खुंटीला उरलेला दोर गुंडाळत होती.

"आत काही होतं?" तिनं विचारलं.

जाळी होती, असं त्याला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

"एक चिठ्ठी होती," तो म्हणाला. "बाबांच्या हातची. बोट तुला दिली होती. तीन आठवडे मला ठाऊक होतं."

तिनं दोर गुंडाळणं थांबवलं नाही.

यापुढे आणखी एक परिच्छेद होता. त्यात ती रडत होती आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती. तो मी काढला. माफ करायचं की नाही हे तिनं ठरवायचं, आणि त्यासाठी तिची वेगळी कथा लिहावी लागेल.